मॉली वॉशडिश आणि तिचं गणगोत

कृष्णेच्या घाटावर पहिला परीट दिसला की आमच्या घरात थंडी सुरू झाली असं धरतात. यंदा तो धनत्रयोदशीच्या सकाळी दिसला. ओल्या पायऱ्यांवर तुरुतुरु पळत होता. दोन पावलं गेला की शेपूट वरखाली, पुन्हा दोन पावलं, पुन्हा शेपूट. नात माझं बोट धरून उभी होती. ती इंग्लंडात न्यूकॅसलला वाढते आहे, आठ वर्षांची; दिवाळीला आली होती. मागे पुण्याचा नातू, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा.

"परीट आला," मी म्हणालो.

"आजोबा, तो वॅगटेल आहे," नात म्हणाली. "आमच्या शाळेच्या आवारात असतो."

"धोबी!" नातू म्हणाला. "माझ्या पुस्तकात पांढरा धोबी असं लिहिलंय."

नातीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पण मग त्याचं खरं नाव कोणतं?"

"रात्री सांगतो," मी म्हणालो. पण एक रात्र पुरली नाही. भाऊबिजेपर्यंत चार रात्री फराळाची ताटं उचलली की ओट्यावर सतरंजी पडायची आणि दोघं येऊन बसायची. मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लेकीकडे तीनदा राहून आलो, तेव्हा तिथल्या वाचनालयात मला पक्ष्यांच्या जुन्या गावठी नावांचा नाद लागला. ते सगळं त्या चार रात्रींत बाहेर आलं.

परटापासूनच सुरुवात केली. नातीला परीट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. "पूर्वी घाटावर परीट कपडे धूत," मी सांगितलं, "आणि हा पक्षी त्यांच्या पायांत घोटाळे. म्हणून तोही परीट झाला. आता तुझ्या इंग्लंडात काय झालं ते ऐक. तिथे बायका ओढ्यावर, तळ्याकाठी ताटल्या घासायला बसत. हाच पक्षी तिथेही ओल्या दगडांवर नाचे. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं मॉली वॉशडिश. म्हणजे ताटल्या धुणारी मॉली. कुठे पेगी डिशवॉशर म्हणत, कुठे नुसतंच धोबीण. फ्रान्समध्येही त्याच्या नावाचा अर्थ धोबीणच."

"त्यांनी आपलं बघून ठेवलं?" नातवाने विचारलं.

नाही, कुणी कुणाचं पाहिलं नाही. कृष्णाकाठच्या माणसाला इंग्लंडातल्या ओढ्याची खबर नव्हती आणि तिकडच्या मॉलीला कृष्णेची. दोघांनी पाहिला तो पक्षी. पाण्याच्या कडेला, चिखलात, ओल्या दगडावर बारीक माश्या-चिलटं असतात, ती टिपायला हा येतो. माणसंही धुणंभांडी घेऊन तिथेच येतात. पक्ष्याला माणसांची फारशी भीती नाही. मग दोन्हीकडे एकच नाव पडलं यात नवल ते काय! मला मात्र अजून नवल वाटतं. त्या नावात या पक्ष्याचं अन्न, त्याची जागा आणि त्याचा स्वभाव, तिन्ही एका शब्दात बसली आहेत.

शेपूट का हलवतो, हे नातीने विचारलंच. एक मत असं आहे की तो शिकाऱ्याला इशारा असतो: मी सावध आहे, माझ्यावर झडप घालून तुझा वेळ फुकट जाईल. मॉलीच्या शेजारणींना एवढं ठाऊक नसेल. पण शेपूट थांबत नाही हे त्यांनी पाहिलं होतं, आणि शास्त्र तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट मुलांना फार आवडली. इंग्रज माणसांनी लहान पक्ष्यांना चक्क माणसांची नावं दिली. लाल छातीच्या पक्ष्याचं जुनं नाव रडक, म्हणजे तांबूस. पण लोकांना तो इतका घरचा वाटला की त्यांनी त्याला रॉबिन म्हणायला सुरुवात केली, जसं आपण शेजारच्या पोराला बंड्या म्हणावं. इवल्याशा रेन पक्ष्याला जेनी, टिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला टॉम. टॉमटिट, जेनी रेन, रॉबिन रेडब्रेस्ट. रॉबिन आणि जेनी नवराबायको आहेत असंही पूर्वी लोक मानत. तसे ते मुळीच नाहीत, दोघांची कुळं वेगळी.

"आपण नाही अशी नावं देत," नातू म्हणाला.

"मग चिऊताई कोण?" मी विचारलं.

तो गप्प झाला, आणि नात हसत सुटली. ताई म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

या जेनी रेनची गोष्ट युरोपभर सांगतात. पक्ष्यांची सभा भरली. राजा कोण? जो सर्वांत उंच उडेल तो. एकेक जण थकून खाली आला, गरुड मात्र ढगांपलीकडे गेला. त्याचेही पंख जड झाले, आणि नेमका त्याच क्षणी त्याच्या पिसांत लपून बसलेला रेन बाहेर आला आणि वीतभर आणखी वर गेला. म्हणून जर्मन भाषेत त्याचं नाव कुंपणाचा राजा आणि डच भाषेत हिवाळ्याचा राजा. वजन जेमतेम तोळाभर. आवाज मात्र असा की बागेच्या या टोकाला गायला तर त्या टोकाला कान टवकारावेत. इंग्लंडात १९३७ पासून पुढे वीसएक वर्षं फार्दिंगच्या नाण्यावर त्याचं चित्र होतं. सर्वांत लहान नाणं म्हणून हा लहान पक्षी निवडला असावा. त्याच्याहूनही लहान पक्षी तिथे आहे, त्याच्याकडे दुसऱ्या रात्री येऊ.

पण हिवाळ्याच्या राजाला हिवाळाच सर्वांत जड जातो. मी आजीला पातेल्यात आणि वाटीत गरम दूध ओतायला सांगितलं. दहा मिनिटांनी दोघांनी बोट बुडवून पाहिलं. वाटीतलं निवलं होतं, पातेल्यातलं अजून चटका देत होतं. लहान अंगातली ऊब अशीच भराभर निघून जाते. म्हणून कडाक्याच्या थंडीत, एरवी एकमेकांशी भांडणारे हे रेन एकाच बिळात शिरून अंगाला अंग लावून झोपतात. १९६९ च्या हिवाळ्यात नॉरफक परगण्यात लाकडी घरट्याच्या एकाच पेटीत ६१ रेन मोजले गेले. नातीने हातांनी पेटीचा आकार करून पाहिला. मग ती म्हणाली, "राजाला राणी नाही, साठ भाऊ आहेत." दूध वाटीतलं कुणी प्यायचं यावरून भांडण झालं आणि पहिली रात्र संपली.

दुसऱ्या रात्री मी आजीच्या कुड्या मागून घेतल्या आणि नातवाच्या तळहातावर ठेवल्या. दोन्ही मिळून अर्धा तोळा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम. "एवढ्या वजनाचा एक पक्षी आहे," मी म्हणालो. "त्याच्या डोक्यावर सोनेरी पट्टी असते म्हणून त्याचं नाव गोल्डक्रेस्ट. ते पुस्तकातलं नाव झालं. कोळ्यांनी दिलेलं नाव वेगळं आहे."

ऑक्टोबरची रात्र. इंग्लंडच्या पूर्वेला थंड, खवळलेला उत्तर समुद्र. हेरिंग पकडायला होड्या निघाल्या आहेत; हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातली मासळी. किनारा दिसत नाही. आणि अंधारातून काहीतरी येऊन डोलकाठीच्या दोराला चिकटतं. मग आणखी एक. कंदील वर धरून पाहावं तर अंगठ्याएवढे पक्षी, भिजलेले, दमून डोळे मिटलेले. सफकच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना नाव दिलं हेरिंग स्पिंक. स्पिंक म्हणजे फिंच जातीचा लहान पक्षी. हेरिंगच्या हंगामात येणारी ही पाखरं. त्याच किनाऱ्यावर दुसरं एक नाव होतं, टॉट ओअर सीज. टॉट म्हणजे चिमुरडं पोर. समुद्रापल्याडचं चिमुरडं.

"पण ते खरंच समुद्रापल्याडचं होतं?" नातवाला पुरावा लागतो. तो माझ्यावर गेला आहे.

हाच तर प्रश्न होता. घरी बसलेल्या विद्वानांना ते खरं वाटणं कठीण. अर्ध्या तोळ्याचा जीव, पाचशे किलोमीटरांहून जास्त पाणी, मध्ये बसायला फांदी नाही, खायला किडा नाही. काही लोकांनी त्यावर तोडगा काढला होता. गोल्डक्रेस्ट आले की दोन-तीन दिवसांनी वुडकॉक येतात. वुडकॉक म्हणजे लांब चोचीचा, तित्तिराएवढा रानातला पक्षी. लोक म्हणत, हा चिमुकला त्याच्या पाठीवर बसून येत असणार, किंवा घुबडाच्या. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर मात्र उलट सांगत. तिथे गोल्डक्रेस्टचं नाव होतं वुडकॉक पायलट. पायलट म्हणजे बंदराची वाट दाखवत जहाजापुढे जाणारा वाटाड्या. अर्ध्या तोळ्याचा वाटाड्या, आणि मागून येणारा त्याच्या पन्नासपट वजनाचा पाहुणा!

पुढे १९०९ पासून ब्रिटनमध्ये पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली हलकी कडी घालायला सुरुवात झाली. अशी कडी युरोपात ठिकठिकाणी घालू लागले. नॉर्वे आणि आसपासच्या देशांत कडी घातलेले गोल्डक्रेस्ट इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडले. म्हणजे कोळी अगदी खरं बोलत होते. पक्षी निघण्याआधी अंगात चरबी साठवतो, तेवढ्या शिदोरीवर समुद्र ओलांडतो. वाऱ्याने साथ दिली तर सकाळी किनाऱ्यावरच्या झुडपात किडे वेचताना दिसतो, नाही दिली तर होडीच्या दोरावर. वुडकॉकही पूर्वेच्या वाऱ्याची वाट पाहून निघतात, म्हणून दोघांचा मुक्काम मागे-पुढे पडतो. पाठीवर बसण्याची गोष्ट तेवढी खोटी. तारखांचं निरीक्षण खरं.

आजीने कुड्या परत मागितल्या. नात बराच वेळ रिकामा तळहात वरखाली करत बसली होती.

तिसऱ्या रात्री दोघांनी माझ्या आधी सतरंजी टाकली.

एका पक्ष्याला किती नावं असावीत? लाँग-टेल्ड टिट म्हणून एक पाखरू आहे. अंग सुपारीएवढं गोल, आणि त्याला जोडलेली शेपटी अंगाहून लांब. त्याला बमबॅरल म्हणत, म्हणजे पिंपुलं. बॉटल टिट म्हणत, फेदर पोक म्हणत, पोक-पुडिंग म्हणत. पोक म्हणजे पोतं, पिसांचं पोतं. वुस्टरशरमध्ये ममरफिन. हे शेवटचं नाव नातवाला इतकं आवडलं की दिवाळी संपेपर्यंत तो धाकट्या बहिणीला ममरफिनच म्हणत होता.

यातली बहुतेक नावं पक्ष्याची नाहीत, त्याच्या घरट्याची आहेत. ज्याने नाव दिलं त्याने काटेरी झुडपात हात घालून ते घरटं पाहिलं होतं. बाटलीसारखं उभट, वर घुमट, बाजूला बोटभर दार. बाहेरून दगडफुलाच्या बारीक कपच्या, म्हणजे झाडाच्या खोडासारखाच रंग. भिंत शेवाळाची आणि ती विणलेली कोळिष्टकाच्या धाग्यांनी. आत पिसं, दोन हजारांपर्यंत. आठ-आठ ग्रॅमची जोडी एकेक पीस चोचीत आणून तीनेक आठवडे हे पोतं भरत राहते. हा धागा ताणला जातो, म्हणून आत आठ-दहा पिल्लं वाढू लागली की घरटंही त्यांच्याबरोबर फुगतं. आपल्या शिंप्याच्या घरट्याचं कौतुक मी शाळेत नेहमी सांगायचो. हे ताणणारं घरटं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो.

"आणि या पोत्याभोवती कधी कधी दोनच्या जागी तीन-चार मोठे पक्षी दिसतात," मी म्हणालो. "पिल्लांना भरवायला."

"शेजारी?" नातीने विचारलं.

काका. मामा. ज्यांचं स्वतःचं घरटं मोडलं, कावळ्याने किंवा मुंगसासारख्या प्राण्याने पिल्लं खाल्ली, ते पक्षी भावाच्या घरी जातात आणि पुतण्यांना किडे भरवतात. शेफील्डच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं हे पाहिलं. त्यांना प्रश्न पडला की भाऊ ओळखतो कसा? त्यांनी काही पिल्लांची घरट्या-घरट्यांत अदलाबदल केली. मोठी झाल्यावर त्या पिल्लांची हाक वाढवणाऱ्या घरट्यातल्या भावंडांसारखी निघाली. म्हणजे ही हाक रक्तातून येत नाही, घरट्यात शिकली जाते. आपल्यासारखं बोलतो तो आपला.

नात मराठी बोलते, पण तिच्या ट आणि ड वर इंग्लंडाची छाया आहे. ती हे ऐकून आजीला आणखी चिकटून बसली.

अशी नावं देणारी बरीचशी पोरंच होती, हे मुलांना सांगायला मला आवडतं. घरटी हुडकण्याचा उद्योग त्यांचाच. झाडाच्या ढोलीत हात घालावा तर आत अंड्यांवर बसलेली निळी टिट सापासारखी फुत्कारते आणि बोटाचा कडकडून चावा घेते. हात बाहेर काढलेल्या पोराने नाव दिलं बिली बायटर. चावरा बिल्या! आणखी एका नावावर दोघं सतरंजीवर लोळली. माळरानावर राहणारा एक पक्षी आहे, आपल्या रणगोज्याचा भाऊबंद. उडाला की पाठीमागचा पांढराशुभ्र भाग चमकतो. जुन्या गावकऱ्यांनी आडपडदा न ठेवता त्याला पांढऱ्या ढुंगणाचा म्हटलं. पुढे तो शब्द झिजत, सभ्य होत होत व्हीटइअर झाला, म्हणजे गव्हाची ओंबी. ओंबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हाच पक्षी, वजन पंचवीस ग्रॅम, अलास्कातून निघून पूर्व आफ्रिकेपर्यंत एका वेळी साडेचौदा हजार किलोमीटर जातो. पण त्या रात्री पोरांना अलास्का ऐकू गेलं नाही. त्यांना ढुंगणच पुरलं.

ती दोघं शांत झाल्यावर मी त्यांना माझ्या सर्वांत लाडक्या नावाची गोष्ट सांगितली.

कुंपणाच्या बुडाशी, पालापाचोळ्यात एक मातकट पक्षी हिंडतो. पंख सतत फडकावतो म्हणून त्याला शफलविंगही म्हणत. पुस्तकात डनक. डन म्हणजेच मातकट रंग. ग्लॉस्टरशरमध्ये मात्र त्याला ब्ल्यू आयझॅक म्हणत. निळा आयझॅक! पक्ष्याच्या छातीवर निळसर राखी झाक आहे, तेव्हा निळा कळला. पण आयझॅक कुठून आला? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या पक्ष्याचं नाव होतं हेगेसुगे. हेगे म्हणजे कुंपण. पुढे त्याचं हेसुग झालं, मग हेसक, आणि जुना अर्थ विसरलेल्या लोकांना ते ओळखीच्या माणसाच्या नावासारखं ऐकू आलं. आयझॅक.

आता या मधल्या हेसुगने काय काम केलं बघा. डनकच्या घरट्यात कोकीळ जातीचा कुकू पक्षी आपलं अंडं टाकतो. डनकची अंडी लख्ख निळी, कुकूचं अंडं ठिपक्यांचं. आंधळ्यालाही फरक कळावा. इतर कित्येक पक्षी असं परकं अंडं फेकून देतात, हा देत नाही. का? शास्त्रज्ञांना वाटलं, कुकूने याला नुकतंच फसवायला सुरुवात केली असेल, शहाणपण यायला वेळ लागतो. पण नुकतंच म्हणजे कधी? याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नव्हतं. ते मिळालं कवितेत. इंग्रजांचा जुना कवी चॉसर याने १३८० च्या सुमारास पक्ष्यांच्या सभेवर काव्य लिहिलं. त्यात एक ससाणा कुकूला हेसुगचा खुनी म्हणून शिव्या घालतो. म्हणजे सहाशे वर्षांहून अधिक काळ ही फसवणूक चालू आहे. उत्क्रांतीच्या हिशेबात तेही थोडेच दिवस. पण एका गावठी नावामुळे शास्त्राला तारीख मिळाली. हे नाव कुणी जपलं नसतं तर ती ओळ नुसती शिवी म्हणून राहिली असती.

"मग आता सगळे ब्ल्यू आयझॅक का म्हणत नाहीत?" नातीने विचारलं. तिने ते नाव कधीच ऐकलं नव्हतं.

याचं उत्तर तिच्याच गावातून सुरू होतं. न्यूकॅसलला टॉमस ब्यूइक नावाचा कोरक्या राहत होता. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरून छापायचा. त्याने १७९७ मध्ये ब्रिटनच्या पक्ष्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. पीस न् पीस मोजून घ्यावं अशी चित्रं, आणि पक्ष्याच्या एका नावाबरोबर लोकांच्या तोंडची आणखीही नावं. पुढे लंडनच्या विल्यम यॅरल या पुस्तक आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्या माणसाने १८४३ मध्ये पक्ष्यांचा मोठा ग्रंथ पुरा केला, आणि त्यातली नावं हळूहळू देशभर पक्की झाली. आपल्या परटाच्या विलायती भावाचं शास्त्रीय नावही या यॅरलवरूनच पडलं. मॉली वॉशडिशला आता त्याचं नाव लागलं आहे.

यात कुणाचा दोष नाही, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. ओव्हन बर्ड, म्हणजे भट्टी-पाखरू, हे नाव एका गावात बाटलीवाल्या टिटचं होतं, तर दुसऱ्या गावात जमिनीवर घुमटी घरटं करणाऱ्या वेगळ्याच पक्ष्याचं. पत्रातून कळवलं की आमच्याकडे भट्टी-पाखरं कमी झाली, तर वाचणाऱ्याने कोणती समजायची? मोजणी करायची तर एका पक्ष्याला एकच नाव हवं. मी शिक्षक होतो, मला ते पटतं. तरीही ज्या दिवशी शेवटच्या म्हाताऱ्याने ममरफिन म्हणायचं सोडलं असेल, त्या दिवशी त्या गावात कुणाला काही कमी झाल्याचं कळलंही नसेल, याचं मला वाईट वाटतं.

ती नावं आपल्यापर्यंत आली ती काही वेड्या माणसांमुळे. जोसेफ राइट हा यॉर्कशरचा पोरगा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवगाडी हाकायला लागला, मग कापडगिरणीत. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. मग रात्रीच्या शाळेत शिकला, पै पै साठवून जर्मनीला गेला, आणि अखेर ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश छापला. लहानपणी ज्या बोलीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, तिला त्याने ऑक्सफर्डच्या फळीवर नेऊन बसवलं. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून नावं गोळा करून पक्षीकोश केला. तो माझ्या उशाशी असतो. नातवाने तो त्याच रात्री उघडला आणि परीट शोधू लागला.

शेवटची रात्र भाऊबिजेची. ओवाळून झालं, ओवाळणीवरून रुसवा झाला, मिटला. नातीचं विमान दुसऱ्या दिवशी. मी पिवळ्या पक्ष्याची गोष्ट राखून ठेवली होती.

काळ्या डोक्याचे भारीट हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरतात. त्यांचाच चुलतभाऊ विलायतेतला यलोहॅमर. हॅमर म्हणजे हातोडा नव्हे. भारीट जातीला जुन्या इंग्रजीत जो शब्द होता, त्याला कुणीतरी हातोड्याचा ह चिकटवला. शेतकऱ्यांनी त्याला नाव दिलं रायटिंग लार्क, लिहिणारा चंडोल. कुठे रायटिंग मास्टर. त्याच्या अंड्यावर तपकिरी शाईने कुणी गिरगटल्यासारख्या रेघा असतात, जाड, बारीक, वळसे घेत गेलेल्या. स्कॉटलंडात म्हणत की त्या रेघा सैतानाच्या, आणि हा पक्षी मे महिन्याच्या पहाटे सैतानाच्या रक्ताचा थेंब पितो. त्या समजुतीपायी पोरांनी त्याची किती घरटी मोडली असतील!

गाणंही लोकांनी शब्दांत धरलं होतं. एकाच सुरात सात-आठ टकटक, आणि शेवटी लांब ओढलेला स्वर. इंग्रजांना वाटे, हा म्हणतो आहे की मला पावाचा तुकडा द्या, चीज नको. शेवटचा लांब स्वर म्हणजे चीज. गंमत अशी की हा शेवट सगळीकडे सारखा नसतो. एका भागातले पक्षी शेवटचे स्वर आधी उंच मग खाली म्हणतात, दुसऱ्या भागातले उलट. पिल्लू मोठ्यांचं ऐकून शिकतं. पक्ष्यांच्याही बोली असतात, आणि वेशीही.

१८६० आणि १८७० च्या दशकांत इंग्लंडातून न्यूझीलंडला गेलेल्या लोकांना परक्या रानात घरचे पक्षी हवेसे वाटले. त्यांनी पिंजऱ्यांतून, जहाजांनी, यलोहॅमर नेले. तिथे ते इतके वाढले की शेतकरी वैतागले. इकडे इंग्लंडात मात्र शेतीची रीत बदलली, कुंपणं तुटली, हिवाळ्यात शेतात सांडणारे दाणे राहिले नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत तिथले निम्म्याहून जास्त यलोहॅमर गेले.

मग काही वर्षांपूर्वी चेक देशातल्या आणि इतर संशोधकांनी दोन्ही देशांतली गाणी गोळा केली. इंग्लंडात साध्या माणसांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवली. शेजारी शेजारी ठेवून ऐकल्यावर कळलं की न्यूझीलंडात इंग्लंडापेक्षा जास्त बोली आहेत. संशोधकांचं म्हणणं असं, की त्यातल्या काही मूळच्या इंग्लंडच्याच असाव्यात. मायदेशी त्या बोलणारे पक्षी संपले. जगाच्या दुसऱ्या टोकाला, दीडशे वर्षांपूर्वी पिंजऱ्यातून उतरलेल्यांचे वंशज त्या अजून गातात.

"तंजावरसारखं," आजी एकदम म्हणाली. ती आतून ऐकत होती. तिच्या बहिणीची सून तंजावरच्या मराठी घरातली आहे. तिच्या बोलण्यात असे शब्द येतात की जे आपण पोथीत वाचतो.

"मग न्यूझीलंडचे पक्षी परत नेले तर?" नात म्हणाली. "इंग्लंडातली पिल्लं शिकतील ना त्यांच्याकडून?"

नातवाने लगेच सांगितलं की पक्ष्यांना विमानात नेता येत नाही. तिने सांगितलं की येतं. मी दोघांना अनारसा दिला.

झोपायला जाताना मी तिला एक काम दिलं. परत गेलीस की शेजारच्या आजींना विचार, लहानपणी त्या पक्ष्यांना काय म्हणत. पुस्तकातलं नको, घरातलं. त्या आजी ऐंशीच्या पुढच्या, जन्मभर त्याच गल्लीत राहिलेल्या. माझ्याशीही कुंपणावरून हवापाण्याचं बोलायच्या.

जानेवारीत एका रविवारी फोन आला. परीट अजून घाटावर होता.

"आजोबा, चिमणीला त्या काय म्हणतात माहितीये? स्पगी! लहानपणापासून स्पगी. अजून तसंच म्हणतात."

मी ते नाव राइटच्या कोशाशेजारी ठेवलेल्या माझ्या वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

"मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या आजोबांच्या गावी काय म्हणतात," ती पुढे म्हणाली. "मी चिऊताई सांगितलं. आता दाणे टाकताना त्या पण तसंच हाक मारतात. पण त्यांना नीट येत नाही आजोबा, त्या चूटाय म्हणतात."